अर्थिंगचा खड्डा

ज्वारीचा एक दाणा उमादेवीनं स्पीकरच्या काळ्या कागदावर ठेवला. स्पीकर तिनं फरशीवर उताणा पाडला होता. रेकॉर्डवर सुई नव्हती, आवाजाचं बटण निम्म्यावर होतं, फक्त अँप्लिफायर चालू होता. दाणा जागच्या जागी थरथरला, गोल फिरत मधल्या खोलगट भागाकडे सरकला आणि तिथं बारीक उड्या मारत राहिला. ती नुकतीच टँकरवरून आली होती, पाय अजून ओले होते. तिनं अँप्लिफायरच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली. बोटाला मुंग्या आल्या आणि त्याच क्षणी दाण्याच्या उड्या कमी झाल्या. बोट काढलं, उड्या वाढल्या. पुन्हा लावलं, पुन्हा कमी.

"अहो, इकडं बघा तरी," ती नवऱ्याला म्हणाली. "मी हात लावला की गुणगुण कमी होते. दोष अँप्लिफायरमध्ये नाहीच. आपलं अर्थिंग गेलंय. अंगणातला खड्डा कोरडा ठाक पडलाय."

रेवणसिद्ध पाटावर बसून जोडाला डाग देत होता. कथलाचा धूर त्यानं फुंकरीनं बाजूला केला, पण मान वर केली नाही.

"बघू," तो म्हणाला.

हा शब्द उमादेवीला लग्नापासून पाठ होता. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. रेवणसिद्ध तिला कधी नाही म्हणालाच नव्हता. तिनं शाळेत नोकरी करायची का? बघू. स्वयंपाकघराला खिडकी पाडायची का? बघू. नोकरी तिनं धरली, खिडकी तिनं पाडून घेतली, आणि दोन्ही गोष्टी झाल्यावर तो सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरला. स्वभावानं माणूस साखरेचा. पण साखरेच्या पोत्याला ढकलून हलवायचं म्हटलं की आपलाच खांदा दुखतो.

घर मुखेडच्या बाजारगल्लीत. पुढं आडत दुकान, मागं राहणं. अँप्लिफायर मधल्या खोलीत, शिसवी फळीवर. तो रेवणसिद्धच्या वडिलांनी, गुरुपादप्पांनी, स्वतःच्या हातानं बांधला होता. सुगीचे पैसे आले की ते हैदराबादला जाऊन एकेक काचेचा व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून आणायचे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बासरीची रेकॉर्ड लागायची आणि गल्लीतले लोक ओट्यावर येऊन बसायचे. गुरुपादप्पा गेले, पण सासूबाई, दानम्मा, अजूनही दर सोमवारी अँप्लिफायरच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायच्या. उमादेवीलाही तो आवडायचा. पेटल्यावर व्हॉल्व्हमधली तार आधी तांबूस, मग नारिंगी व्हायची आणि त्यानंतर कुठं आवाज यायचा; तेवढं थांबणंसुद्धा तिला आवडायचं.

पण लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. आडतीत माल येईना. मापाडी घरी बसले, काटा फडक्याखाली गेला आणि दिवसभर रिकाम्या असलेल्या रेवणसिद्धला अँप्लिफायरमधली गुणगुण ऐकू यायला लागली. वडिलांच्या, आप्पांच्या, वेळी ती नव्हती. ती घालवायची आणि घालवता घालवता अँप्लिफायर असा करायचा की आप्पांनीही मान डोलावली असती, हे त्यानं मनावर घेतलं.

नेमकं त्याच सुमाराला लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झाला होता.

उमादेवीनं लातूरची जाहिरात शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली. नव्या जिल्ह्यासाठी पाणी तपासायची प्रयोगशाळा निघत होती आणि तिथं रसायनशास्त्राची पदवी असलेला माणूस हवा होता. ती मुलाखतीला गेली तेव्हा कार्यालय भाड्याच्या घरात होतं. जुन्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर रंगवलेलं, आणि बाक कमी म्हणून उमेदवार पायऱ्यांवर बसलेले. प्रश्न फारसे विचारले नाहीत. एका साहेबांनी तिच्या पुढं विहिरीच्या पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाले, "याला साबणाचा फेस का येत नाही ते मोजून सांगा." तिनं ब्युरेट हातात घेतली. शाळेत तिला ब्युरेट चित्रात दाखवावी लागायची, कारण कपाटात होती ती फुटकी होती. इथं एकेक थेंब पडत गेला आणि शेवटच्या थेंबाला चंबूतला द्राक्षासारखा लाल रंग निळा झाला. तिच्या छातीत त्या क्षणी काहीतरी इतकं नीट बसलं की परतीच्या एसटीत अहमदपूर कधी गेलं ते तिला कळलं नाही.

नेमणुकीचा आदेश आला. तिनं तो रेवणसिद्धच्या हातात दिला. त्यानं वाचला, आनंदानं दानम्मांना वाचून दाखवला, गल्लीत पेढे वाटले.

"मग लातूरला जायचं ना?" तिनं विचारलं.

"जाऊ की. तिथं आडतीलाबी वाव हाय, मोंढा मोठा हाय. फक्त हे एकदा मार्गी लागू दे." त्यानं सोल्डरिंगच्या सळईनं अँप्लिफायरकडे बोट केलं. "असा अर्धवट खोललेला कसा न्यायचा?"

तिनं मुदत मागून घेतली. मुदत मिळाली. अँप्लिफायर अर्धवटच राहिला.

दानम्मांना तिनं एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "अव्वा, लातूरला यायला तुमची ना नाही ना?"

दानम्मांनी पदराआड गळ्यातलं लिंग चाचपलं. "मला काय गं? माझा देव माझ्या गळ्यात. जिथं बसंल तिथं पूजा. तुझ्या नवऱ्याचा देव फळीवर स्क्रूनं आवळलाय, त्याला इच्यार."

मग सटवाजीची ये-जा वाढली. सटवाजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडसमोर होतं, आणि दुष्काळात त्यालाही गिऱ्हाईक नव्हतं. दोन रिकामी माणसं एका पत्र्याच्या पेटीवर वाकून बसली की संध्याकाळ कशी जाते हे त्यांना कळत नसे. उमादेवीला कळायचं, कारण चहा तिला करावा लागायचा आणि चहाचं पाणी तिनं डोक्यावरून आणलेलं असायचं.

"कंडेन्सर बदलू, मालक," सटवाजी म्हणाला. कंडेन्सर बदलले. गुणगुण राहिली. "मग व्हॉल्व्ह म्हातारे झाले आसतील." व्हॉल्व्ह बदलले. आवाज गोड झाला, गुणगुणही गोड झाली.

उमादेवीनं शाळेतला मीटर घरी आणला. अँप्लिफायरचा पत्रा आणि अंगणातली अर्थिंगची सळई यांच्यात विजेचा काही दाब नसायला हवा होता. म्हणजे पत्रा सळईला नीट जोडलेला आहे असं म्हणता येतं. मीटरचा काटा हललाही नाही. मग तिनं अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं भांडी घासल्यावर थोडी ओल मुरायची तिथं, एक खिळा ठोकला आणि पत्रा आणि त्या खिळ्यात मोजलं. काटा उसळून वर गेला.

"हे बघा," ती दोघांना म्हणाली. "सळई पत्र्याला जोडलेली आहे, पण जमिनीला जोडलेली नाही. खड्ड्यातलं मीठ न् कोळसा पार वाळलाय. सळई नुसती मातीत उभी आहे, खुंटीसारखी."

सटवाजीनं मीटरकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "वहिनी, अर्थिंग मोटारीला लागतंय. पिठाच्या गिरणीला लागतंय. गाण्याला कशाला?"

"गाण्याला नाही हो, पत्र्याला."

"पत्रा गातो व्हय?"

रेवणसिद्ध खो खो हसला. "आवो, ती रसायनवाली हाय. पाण्यातलं सांगंल. हे विजेचं काम हाय."

"बी.एस्सी.ला फिजिक्स होतं मला."

"हाव ना, हाव. बघू."

तिनं मीटर उचलला आणि शाळेत नेऊन ठेवला. भांडायची ताकद तिच्याकडे होती, पण ती टँकरच्या रांगेत लागायची. टँकर आठवड्यातून कधीतरी यायचा, चौकात थांबायचा आणि पाइपाचं तोंड सोडलं की घागरींवर घागरी आदळायच्या. रांजणभर पाणी साठवायला दोन बायांची सबंध सकाळ जायची. त्यातलं पिण्याचं वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं. दानम्मांच्या लिंगपूजेला तांब्याभर. ते पूजेचं पाणीही त्या वाया घालवत नसत. तीर्थ घेऊन उरलेलं तुळशीला.

पुढं रेवणसिद्ध नांदेडला जाऊन मोठा स्पीकर घेऊन आला. बैलाच्या डोक्याएवढं त्याचं लोहचुंबक होतं. दोघांनी तो पेटीत बसवला, बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापले, आणि सबंध मधल्या खोलीत गुणगुण अशी घुमली की फळीवरचे पितळी डबे तिला साथ द्यायला लागले.

"हे काय झालं?" रेवणसिद्ध हवालदिल झाला.

"जुना स्पीकर खालचे स्वर गाळून टाकायचा," उमादेवी कणीक मळता मळता म्हणाली. "हा गाळत नाही. तुम्ही गुणगुणीसाठी चांगला स्पीकर आणलात."

"टोमणे मारू नको, उमा. ट्रान्सफॉर्मरच बदलाया पायजे. हैदराबादहून नवा गुंडाळून आणतो."

"अहो, लातूरची वाढवलेली मुदत संपत आली. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. ते पुन्हा मुदत देणार नाहीत."

"आलो की निवांत बसू. दोघं बसून ठरवू."

तो गेला. उमादेवीनं मनाशी ठरवलं की आता चिडायचं नाही. तरीही चिडून तिनं भात करपवला, फळ्यावर एक समीकरण चुकीचं लिहिलं आणि एका मुलीनं हात वर करून ते दाखवलं, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी सकाळी टँकर आला आणि रांजण काठोकाठ भरला. संध्याकाळी रेवणसिद्ध परतला. हातात ट्रान्सफॉर्मरचं खोकं होतं, पण ते त्यानं दारातच ठेवलं. चेहरा उजळलेला.

"उमा! सापडलं!"

"काय?"

"अर्थिंग!"

उमादेवीच्या हातातली पळी हातातच राहिली.

"हैदराबादला कोटीच्या बाजारात एक जुना दुकानदार हाय, आप्पांना वळखायचा. त्याला सगळं सांगितलं. तो हसाया लागला. म्हणला, 'मियाँ, इत्ता खर्चा कर लिए, पहले अर्थिंग देखे क्या नै?' म्हणला, सूखे में जमीन मर जाती. ट्रान्सफॉर्मर घ्यायचीबी गरज नव्हती म्हणला, पण मी तवर घेतला होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलो, नै देखे."

"मी मीटर लावून दाखवलं होतं."

"दाखवलं होतंस की," रेवणसिद्ध अगदी मोकळेपणानं म्हणाला. "पण तो हैदराबादचा माणूस हाय ना."

त्याच्या बोलण्यात कसलीही कुचकट छटा नव्हती. असती तर बरं झालं असतं. उमादेवीनं पळी पातेल्यात ठेवली. "बसून ठरवायचं होतं," ती म्हणाली. "लातूरचं."

"आज दमलोय गं. उद्या. उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. ऊन तापायला लागलं तेव्हा ती घरी निघाली. गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली.

बासरी वाजत होती. ती रेकॉर्ड तिनं कितीदा तरी ऐकली होती, पण अशी नाही. वाजवणाऱ्यानं श्वास घेतला तो ऐकू आला. बोट छिद्रावर टेकलं तो बारीक टिचका ऐकू आला. दोन स्वरांच्या मधल्या जागेत काहीच नव्हतं, स्वच्छ, रिकामी जागा. ती उन्हात उभी राहून ऐकत राहिली. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे तिला माहीत होतं. ते असं ऐकू येईल, हे तिला माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, झालं, संपलं एकदाचं. आता हा माणूस लातूरबद्दल बोलेल.

मग ती अंगणात शिरली.

खड्ड्याभोवतीची माती काळी, ओलीचिंब झाली होती. पाण्याचे ओघळ तुळशीपर्यंत गेले होते. मिठाचं पोतं उघडं पडलं होतं. दोन्ही घागरी आडव्या, आणि रांजण एका अंगावर कललेला. तिनं आत वाकून पाहिलं. तळाशी तिचं स्वतःचं तोंड दिसेल एवढंही पाणी नव्हतं.

दानम्मा उंबऱ्यावर बसल्या होत्या. हातात तांब्या.

"हे तेवढं मी पदराखाली लपवून ठिवलं," त्या म्हणाल्या. "मी वरडले, आरं पोरा, प्यायचं हाय ते. तर म्हणतो, अव्वा, जमीन तहानलीया. शिवा शिवा! लिंगाला तांब्याभर अन् खड्ड्याला रांजणभर. असली पूजा म्या जल्मात पाह्यली न्हाई."

"सगळं ओतलं?"

"आधी एक घागर वतली. मंग कान लावून ऐकलं. मंग दुसरी. जसंजसं गुणगुणणं कमी होईल तसतसं ह्याला चेव यायला. शेवटाला रांजणच वाकवला. शेजारच्या केवळाबाईकडनं कळशीभर उसनं आणलंय, रातच्याला भाकरीपुरतं."

उमादेवी आत गेली. रेवणसिद्ध शिसवी फळीसमोर मांडी घालून बसला होता, कपाळाला माती, डोळे मिटलेले, आणि डोळ्यांच्या कडांना पाणी. तिची चाहूल लागताच त्यानं डोळे उघडले.

"ऐकलंस? आप्पा असते तर! तुझं बरोबर होतं, उमा. शंभर टक्के बरोबर. मी सटवाजीला बी सांगणार हाय, वहिनीचं बरोबर होतं म्हणून."

"प्यायचं पाणी होतं ते."

"टँकर येईल की."

"कधी?"

"येईल. उमा, मला एक सांग, ही ओल किती दिवस टिकंल?"

तो खरंच तिचं मत विचारत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि तिला उत्तर येत होतं, म्हणून ती सवयीनं देऊन बसली. "या उन्हात आठवडाभरही नाही. मीठ थोडी धरून ठेवेल. पण खालची जमीनच कोरडी आहे, ती ओढून घेणार."

"मग टँकर आला की पहिली घागर खड्ड्याला. नेमच करून टाकू."

"पहिली घागर."

"लहानी घागर. तू अशी बघू नको. लहानी म्हणतोय ना मी."

बाहेरून दानम्मा म्हणाल्या, "वर बेलबी वाहा रोज! मी बसते मंत्र म्हणत."

रेवणसिद्ध हसला. उमादेवी हसली नाही. तिनं पदराला हात पुसले, जरी ते कोरडेच होते, आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"काल आज म्हणाला होतात," ती म्हणाली. "लातूरचं काय?"

रेवणसिद्धनं अँप्लिफायरच्या पत्र्यावर हात फिरवला. आता मुंग्या येत नव्हत्या. तळवा त्यानं तिथंच ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"आता तूच सांग, कसं हलवायचं? आत्ता कुठं बसलंय. इथली जमीन त्याला लागू झाली. लातूरला भाड्याच्या घरात कोण खड्डा खणू देईल? अन् तिथली माती काळी का मुरमाड, ते कुणाला ठावं? तिथंबी पाण्याची बोंबच हाय म्हणतात. पुन्हा सगळं पहिल्यापासनं. पाऊस पडू दे. जमीन भिजू दे. मग निवांत बसून बोलू. मी नाही म्हणून नाही राहिलो."

तो नाही म्हणत नव्हता, हे अगदी खरं होतं. उमादेवीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला एकाएकी जाणवलं की या सगळ्या महिन्यांत ती त्याच्या होकाराची वाट पाहत होती, आणि आदेशावर त्याच्या सहीसाठी जागाच नव्हती. नाव तिचं होतं. सही तिची लागणार होती. थेंब थेंब मोजून रंग बदलायची वेळ ओळखणं हेच तर तिला येत होतं; इथं मात्र ती चंबू हलवत बसली होती, कुणीतरी दुसऱ्यानं सांगावं म्हणून.

राग होता, पण तो नेहमीसारखा कढत नव्हता. तो थंड झाला होता आणि कामाला येण्यासारखा झाला होता.

तिनं हात लांब करून सुई रेकॉर्डवरून उचलली. बासरी थांबली. अँप्लिफायर चालू होता, तारा नारिंगी होत्या, आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"आगं, शेवटचा भाग राहिला," रेवणसिद्ध म्हणाला.

"अव्वा," तिनं उंबऱ्याकडे पाहून विचारलं, "तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय, का यांच्याजवळ राहायचंय?"

"कुठं यायचं?" रेवणसिद्धनं विचारलं.

दानम्मा तांब्या सांभाळत उठल्या. "त्याला आधी सांग," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांग. माझं मी बघते."

उमादेवी नवऱ्याकडे वळली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"मी सोमवारी लातूरला रुजू होणार आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीनं निघते."